चमचाभर पेजेला किती वेळ लागतो?
लेखमाला ‘आमच्यानंतर’ : भाग ६

मागच्या भागात दिव्यांगांना सांभाळणाऱ्या निवासी संस्थेच्या नोंदणीविषयी लिहिलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, हे वाचून बऱ्याच पालकांचा प्रश्न आला : प्रमाणपत्र आहे, इमारत नवी आहे, कॅमेरे आहेत, मग मुलाला ठेवायला हरकत नाही ना?

हरकत आहे की नाही, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे तपासणीची यंत्रणा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, म्हणूनच ते बोचतं.

ब्रिस्टलजवळच्या हॅम्ब्रुक इथे ‘विंटरबोर्न व्ह्यू’ नावाची २४ खाटांची खासगी संस्था होती. कागदोपत्री रुग्णालय; बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्यांची तपासणी करून, उपचार करून त्यांना घरी पाठवायचं, हे तिचं काम. प्रत्यक्षात काही जण तिथे तीन वर्षांहून जास्त काळ होते. एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात. ३१ मे २०११ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने आतलं छुपं चित्रण दाखवलं. मारणं, जमिनीवर दाबून धरणं, कपड्यांसकट थंड पाण्याखाली ढकलणं, आणि हे सारं हसत हसत. पुढे ११ कर्मचाऱ्यांनी गुन्हे कबूल केले, सहा जण तुरुंगात गेले, संस्था बंद झाली.

मला या प्रकरणात क्रौर्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो तो नंतरचा चौकशी अहवाल. संस्थेने स्वतःच्याच दप्तरात २०१० या एका वर्षात रुग्णांना जबरदस्तीने धरून ठेवल्याच्या ३७९ नोंदी केल्या होत्या. लपवल्या नव्हत्या, व्यवस्थित लिहिल्या होत्या! स्थानिक कौन्सिलकडे ४० इशारे पोचले होते, पोलिसांकडे २९ घटना होत्या, जवळच्या इस्पितळांच्या अपघात विभागात इथली माणसं ७०हून अधिक वेळा गेली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता. ते जुळवायला कोणी बसलं नाही. टेरी ब्रायन या वरिष्ठ परिचारकाने आधी व्यवस्थापनाला, मग नियामक आयोगाला कळवलं. दखल घेतली गेली नाही, तेव्हा तो बीबीसीकडे गेला. आणि २०१९मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्ल्टन हॉलमधलं असंच चित्रण बाहेर आलं, तेव्हा त्या संस्थेला नियामकाचा ताजा शेरा होता : ‘चांगली’.

पण मारहाण हे टोक झालं. बहुतेक ठिकाणी कोणी कोणाला मारत नाही, तरीही काळजी वाईट असू शकते, आणि ती डोळ्यांत भरत नाही.

भरवणंच घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना गिळताना त्रास होतो. मान मागे पडलेली, अंग रेललेलं अशा अवस्थेत पातळ पेज भराभर तोंडात ओतली, तर ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. मग ताप, मग न्यूमोनिया, आणि मृत्यूच्या दाखल्यावर फक्त न्यूमोनिया. नीट भरवायचं तर मुलाला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास खरोखर गिळला आहे हे बघून पुढचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेज किती दाट हवी, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने ठरवायचं असतं. याला सहज चाळीस मिनिटं लागतात. तीन जेवणांचे दोन तास. आता एका मावशींकडे अशी आठ मुलं द्या आणि गुणाकार करा : सोळा तास. मावशी कितीही मायाळू असोत, त्या ओततातच.

दुसरी गोष्ट सांगायला लोक लाजतात, ती म्हणजे पोट साफ होणं. हालचाल कमी, पाणी कमी (डायपर ओला होऊ नये म्हणून संध्याकाळी पाणी तोडणाऱ्या संस्था आहेत), त्यात वर्तनासाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो. ज्याला बोलता येत नाही तो पोट दुखतंय हे कसं सांगणार? तो डोकं आपटतो, चावतो, रात्रभर ओरडतो. वहीत नोंद होते : ‘आक्रमक’. डॉक्टर शांत करणाऱ्या गोळीचा डोस वाढवतात, त्या गोळीने आतडं आणखी मंदावतं. आतडं तुंबून माणसं दगावली आहेत, इंग्लंडमध्ये याच्या रीतसर चौकश्या झाल्या आहेत. दातदुखी, कानातला पू यांचंही असंच. सगळं ‘त्याच्या मतिमंदपणामुळे’ म्हणून खपून जातं.

एका निवासी शाळेत मला नोंदवही बघायला मिळाली. ‘शी – नॉर्मल’, ‘जेवण – पूर्ण’, महिनाभर, सगळ्या मुलांसमोर, एकाच शाईत, एकाच हातवळणात. अजून न उजाडलेल्या दोन दिवसांचे रकानेही भरलेले होते.

म्हणून संस्था बघायला जाताना ऑफिसात बसू नका. रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा, न कळवता. आत सोडत नसतील, तर उत्तर मिळालंच. सोडलं, तर तिथल्या मावशींना किंवा दादांना एकाच मुलाविषयी विचारा : याला दुखतं तेव्हा हा काय करतो? ‘तो डावा कान ओढतो’, ‘ती जेवणाकडे पाठ करते’ असं चटकन उत्तर आलं, तर इमारतीचे पोपडे निघालेले असले तरी मी मूल ठेवायचा विचार करीन. मग विचारा, तुम्ही इथे किती वर्षं आहात? अशी ओळख व्हायला महिने लागतात. तुटपुंज्या पगारावर माणसं दर सहा महिन्यांनी बदलत असतील, तर ती ओळख दर सहा महिन्यांनी पुसली जाते.

आपल्याकडे ही ओळख पुसायला कायदाही हातभार लावतो. बालगृहातलं मूल १८ वर्षांचं झालं की त्याने तिथून बाहेर पडायचं, हे धडधाकट मुलाचा विचार करून आखलेलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलं सांभाळताना हाच मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला : अशा मुलांना १८नंतरही तिथेच राहू द्या. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुद्दा मात्र तसाच आहे, आणि जी मुलं आज सतरा वर्षांची आहेत त्यांच्या हाती एकच वर्ष आहे.

(पुढच्या भागात : महिन्याची फी नेमकी कशावर खर्च होते)