संपर्कमुक्तीचा हक्क

संपर्कमुक्तीचा हक्क म्हणजे ठरलेली कामाची वेळ संपल्यानंतर मालकाचे किंवा वरिष्ठांचे दूरध्वनी, ईमेल व संदेश न पाहण्याचा, त्यांना उत्तर न देण्याचा आणि त्याबद्दल कोणतीही शिक्षा न सोसण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क होय. मराठी वृत्तपत्रांत हा विषय बहुधा ‘राइट टू डिस्कनेक्ट’ या इंग्रजी नावानेच येतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून तो कायद्याने लागू झाला. त्यानंतर इटली, स्पेन, पोर्तुगाल, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी निरनिराळ्या स्वरूपांत तो स्वीकारला. भारतात असा केंद्रीय कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठीचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडले.

पार्श्वभूमी

कामगार कायद्यांचा मोठा भाग कामाच्या तासांवर उभा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी प्रमुख होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामासाठी दुप्पट मजुरीची तरतूद केली. या सर्व नियमांत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली होती, ती म्हणजे काम एका जागेशी बांधलेले असते. माग घरी नेता येत नव्हता. पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि कामगार दरवाजाबाहेर पडला की काम तेथेच राहत असे.

लॅपटॉप व मोबाइल यांनी हा दरवाजाच काढून टाकला. रात्री साडेनऊला आलेल्या संदेशाला ‘हो, पाठवतो’ एवढे उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे हजेरीपटावर किंवा जादा कामाच्या हिशेबात त्याची नोंद होत नाही. पण खरा भार त्या अर्ध्या मिनिटाचा नसतो. संदेश येईल म्हणून फोन जवळ ठेवण्याचा असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने झोनेनटाग यांनी कामानंतरच्या विश्रांतीचा अभ्यास करताना ‘मानसिक अलिप्तता’ ही संकल्पना मध्यवर्ती मानली आहे. शरीराने कचेरीबाहेर असणे पुरेसे नसते, मनानेही कामापासून दूर असावे लागते, असा तिचा आशय आहे. अमेरिकेतील लॅरिसा बार्बर व अलेशिया सँटुझी या संशोधिकांनी संदेशाला तत्काळ उत्तर देण्याच्या अनावर ओढीला २०१५ मध्ये ‘टेलिप्रेशर’ असे नाव दिले.

बॉस्टनमधील प्रयोग

फोन बंद ठेवणे ही वैयक्तिक शिस्तीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. या समजाला छेद देणारा प्रयोग हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत केला. अशा कंपन्यांत अशिलाने हाक मारताच हजर राहणे हाच व्यवसायाचा धर्म मानला जातो. पहिल्या टप्प्यात एका गटातील प्रत्येक सल्लागाराला आठवड्याच्या मध्यात एक पूर्ण दिवस सुट्टी घेणे सक्तीचे करण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात आठवड्यातील आधी ठरवलेल्या एका संध्याकाळी सहानंतर ना काम करायचे, ना ईमेल पाहायचा, असा नियम होता. अनेकांनी प्रारंभी विरोध केला. सहकाऱ्यांवर बोजा पडेल आणि आपली बढती हुकेल, अशी त्यांना धास्ती होती.

येथे महत्त्वाची होती ती सुट्टी पाळण्यासाठी गटाला करावी लागलेली तयारी. एकाची संध्याकाळ मोकळी राहायची तर त्याचे काम कोणत्या टप्प्यावर आहे हे दुसऱ्याला ठाऊक हवे. त्यासाठी गटाच्या नियमित बैठका सुरू झाल्या आणि कोणते काम खरोखर निकडीचे आहे याची उघड चर्चा होऊ लागली. हा अनुभव पर्लो यांनी २००९ मधील एका लेखात आणि नंतर २०१२ च्या पुस्तकात मांडला. एकट्याने फोन बंद करणारा मनुष्य बेजबाबदार ठरतो. गटाने ठरवून केले तर तीच कामाची पद्धत होते. पुढील कायद्यांचे यशापयशही बरेचसे याच मुद्द्यावर ठरते.

फ्रान्स

फ्रान्समध्ये या हक्काची बीजे न्यायालयीन निर्णयांत आढळतात. कर्मचाऱ्याने घरी काम करण्यास किंवा कामाची कागदपत्रे घरी नेण्यास मान्यता देणे बंधनकारक नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने ऑक्टोबर २००१ मध्ये दिला. फेब्रुवारी २००४ मध्ये एका रुग्णवाहिकाचालकाच्या प्रकरणात, कामाच्या वेळेबाहेर खासगी मोबाइलवर न सापडणे हा गैरवर्तनाचा प्रकार नाही, असे याच न्यायालयाने स्पष्ट केले. ऑरेंज या दूरसंचार कंपनीचे अधिकारी ब्रुनो मेतलिंग यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात संपर्कमुक्ती हा हक्क आहे, तसेच ते कर्तव्यही आहे, अशी मांडणी केली. त्यानंतर कामगारमंत्री मिरियम एल खोम्री यांच्या नावाने ओळखला जाणारा ८ ऑगस्ट २०१६ चा कायदा संमत झाला.

या कायद्याने कोणतीही ठरावीक वेळ घालून दिलेली नाही. रात्रीचा ईमेल फ्रान्समध्ये बेकायदेशीर ठरला, हा परदेशी वृत्तपत्रांतून पसरलेला समज चुकीचा आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने या विषयावर कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्यात आणि समझोता न झाल्यास मालकाने स्वतः नियमावली तयार करावी, एवढीच सक्ती आहे. २०१८ मध्ये एका कीडनियंत्रण कंपनीला तिच्या माजी व्यवस्थापकास सुमारे ६०,००० युरो द्यावे लागले, त्याचीही या कायद्याचा विजय म्हणून बरीच प्रसिद्धी झाली. प्रत्यक्षात तो निवाडा फोन सतत चालू ठेवून तयार राहण्याच्या काळाचा मोबदला देण्यासंबंधीच्या जुन्या नियमांवर आधारलेला होता.

कंपन्यांचे तांत्रिक उपाय

जर्मनीत असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती कायद्याने आवश्यक आहे. फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने कर्मचाऱ्यांच्या फोनवर ईमेल पोचवणे सर्व्हरवरूनच थांबवले. दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होई. वरिष्ठ व्यवस्थापकांना ही व्यवस्था लागू नव्हती. डाइमलरने २०१४ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. रजेवरील कर्मचाऱ्याला आलेला ईमेल, त्याने ही सोय निवडली असल्यास, आपोआप नष्ट होतो आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या सहकाऱ्याचे नाव कळवले जाते. रजेवरून परतल्यावर शेकडो न वाचलेले ईमेल वाट पाहत असतील, तर रजेचा शेवटचा दिवस त्यांच्या धास्तीतच जातो. डाइमलरचा उपाय नेमका यावर आहे.

हक्क कर्मचाऱ्याचा की कर्तव्य मालकाचे

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतील मुख्य भेद जबाबदारी कोणावर टाकली आहे याबाबत आहे. पोर्तुगालच्या २०२१ च्या कायद्याने मालकावर कर्तव्य लादले. अपरिहार्य परिस्थिती वगळता विश्रांतीच्या काळात त्याने कर्मचाऱ्याशी संपर्कच साधू नये, आणि साधल्यास तो गंभीर नियमभंग समजावा, अशी ही तरतूद आहे. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, आणि १५ हून कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांत एक वर्षानंतर, लागू झालेल्या कायद्याची रचना उलट आहे. तेथे मालक संपर्क साधू शकतो. मात्र तो पाहण्यास वा उत्तर देण्यास कर्मचारी नकार देऊ शकतो, जोपर्यंत तो नकार अवाजवी ठरत नाही. संपर्काचे कारण, त्याची रीत, तयार राहण्यासाठी मिळणारा मोबदला, पदाची जबाबदारी आणि कौटुंबिक परिस्थिती यांवरून वाजवीपणा ठरवला जातो. वाद कंपनीत मिटला नाही तर तो फेअर वर्क कमिशनकडे नेता येतो.

दुसऱ्या पद्धतीत लवचीकता आहे, पण नकार देण्याचे धाडस कर्मचाऱ्यालाच करावे लागते. परिवीक्षाधीन किंवा कंत्राटी कर्मचाऱ्याकडून ते कितपत अपेक्षिता येईल, ही तिची कमकुवत बाजू आहे.

भारत

सुप्रिया सुळे यांचे पहिले विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये मांडले गेले. दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांनी कामाबाहेरील संपर्काच्या अटी कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवाव्यात, कर्मचारी कल्याण प्राधिकरण स्थापावे आणि नियम न पाळणाऱ्या संस्थेला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड व्हावा, अशा त्यात तरतुदी होत्या. २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाल्याने ते रद्दबातल ठरले. स्वातंत्र्यानंतर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले असून त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे.

भारतापुढील एक अडचण युरोपीय कायद्यांत फारशी आढळत नाही. पुण्यातील हिंजवडीत किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकी ग्राहकांचे काम करणाऱ्या अभियंत्याला न्यू यॉर्कमधील सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला गाठावी लागते. कॅलिफोर्नियातील नऊची बैठक रात्री साडेनऊला किंवा साडेदहाला येते. ज्यांची पाळीच दुपारी उशिरा सुरू होते त्यांचा प्रश्न सुटतो. परंतु सकाळी नऊला कचेरीत हजर राहून रात्रीच्या बैठकीलाही बसणाऱ्यांच्या बाबतीत कामाची वेळ नेमकी कोणती, हेच नियुक्तिपत्रात अनेकदा स्पष्ट लिहिलेले नसते.