आईचं मशीन पुन्हा चालतं करताना

आमच्या बचत गटातल्या आम्ही पाचजणी आज तुमच्याशी शिलाई मशीनबद्दल बोलणार आहोत. नव्या नाही, जुन्या मशीनबद्दल. पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला, वर पोती रचलेलं असं एखादं मशीन तुमच्याही घरी असेल. ते भंगारात घालण्याआधी आमची गोष्ट ऐका.

आमच्या गटात एक मैत्रीण आहे. सगळे तिला आक्का म्हणतात. तिचे वडील लवकर गेले. आईने पायमशीनवर झंपर, परकर शिवून तीन पोरी वाढवल्या. आई गेल्यावर आक्काने माहेरून एकच वस्तू आणली, ते मशीन. पुढे एका पावसाळ्यात पत्रा गळला, मशीन गंजलं, चाक फिरेना. भंगारवाला दोनदा भाव करून गेला. आक्का त्याला पाणी प्यायला देऊन परत पाठवायची आणि म्हणायची, "देववत नाही आणि बघवतही नाही."

नागपंचमीला लेकी माहेरी जातात. आक्काला आता माहेर उरलेलं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की पंचमीच्या आत हे मशीन चालतं करायचं आणि तिला आधी कळू द्यायचं नाही.

आक्काच्या सुनेला विश्वासात घेतलं. आक्का शेतावर गेली तेव्हा मशीन काढलं. पायमशीनचा वरचा भाग मागे दोन बिजागऱ्यांवर बसवलेला असतो. पट्टा काढला आणि तिथले दोन स्क्रू सैल केले की तो उचलता येतो. ओतीव लोखंडाचा असल्यामुळे फार जड असतो. दोघींनी मिळून उचलायचा आणि चाकाला धरून कधी उचलायचा नाही. रिकाम्या टेबलावर लाकडी झाकण पुन्हा ठेवलं, त्यावर नेहमीचं जुनं लुगडं टाकलं. पंधरा दिवस आक्काला पत्ता लागला नाही.

आता काम कसं केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी मोबाईलवर फोटो काढले. प्रत्येक भाग काढण्याआधी एक आणि काढल्यावर एक. सुईची चपटी बाजू कुठे आहे, दोरा कुठून कुठे जातो, हे त्यात दिसतं. काढलेले स्क्रू वाटीत, आणि प्रत्येक जागेची वाटी वेगळी.

अडकलेलं चाक जोर लावून फिरवायचं नाही. आतला भाग वाकला की दुरुस्ती अवघड होते. जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे रॉकेलचे थेंब सोडले आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी चाक थोडं पुढे, थोडं मागे असं हलवलं. पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी चाक पूर्ण फिरलं तेव्हा आम्ही लहान पोरींसारख्या ओरडलो. रॉकेल वापरताना चूल, बिडी, दिवा जवळ नको आणि काम उघड्यावर करायचं.

मग सुईखालची पट्टी उघडली. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये वर्षानुवर्षांचा कापडाचा भुगा बसून त्याची घोंगडीसारखी घट्ट वडी झाली होती. ती दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि चिमट्याने काढली. शटलमागे दोऱ्याची गुंडाळी सापडली, तीही काढली. निम्मा अडथळा तिथेच होता.

रॉकेलने गंज सुटतो, पण जुनं तेलही निघून जातं. म्हणून ते पुसून प्रत्येक छिद्रात मशीनचं पातळ तेल घातलं. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि मशीन पुन्हा अडकतं. तेल घातल्यावर दोरा न लावता मशीन बराच वेळ नुसतं चालवायचं आणि वर आलेलं काळं तेल पुसून टाकायचं.

बाहेरून पुसायला मऊ फडकं आणि तेच मशीनचं तेल पुरतं. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर लावू नका, पॉलिश पेपर घासू नका. जुन्या मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी त्याने निघून जाते.

टाका कसा पडतो हे समजलं की बिघाडही समजतो. सुई खाली जाऊन जरा वर येते तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास पडतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध अडकतात. हा दोन दोऱ्यांचा टाका जुनाच आहे. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली मशीनची पेटंट घेतली, त्या मशीनचाही टाका हाच होता. कापडाखाली दोऱ्याची जाळी होत असेल तर दोष बहुतेक वरच्या दोऱ्यात असतो. दोरा पुन्हा ओवायचा, ताणाच्या दोन चकत्यांमधला कचरा काढायचा आणि मगच ताणाचा स्क्रू फिरवायचा. टाका सुटत असेल तर आधी सुई बदलायची. साध्या सुती कापडाला १४ किंवा १६ नंबरची चालते.

पट्टा नवा लागला. तो फार ताणून बसवला की पायडल जड जातं. बॉबिन केस गंजलेली होती, तीही बदलली. शेवटी बाजारातल्या मशीनवाल्या काकांना दाखवून शटल नीट बसवून घेतलं. सगळा खर्च अस्तराच्या दोन ब्लाऊजच्या शिलाईत भागला. या मशीनमध्ये वीज नाही, प्लास्टिक नाही, जवळजवळ सगळं स्क्रूने उघडतं. म्हणून ते दुरुस्त होतं.

आमच्यातली एक म्हणाली, "आता रंग मारून घेऊ. नवं दिसेल." यावरून आमचं चांगलंच वाजलं. मशीनच्या पुढच्या बाजूला, जिथे डावा तळहात कापड धरून सरकतो, तिथला काळा रंग झिजून पांढरं लोखंड दिसत होतं. दुसरी म्हणाली, "हा तिच्या आईचा हात आहे. यावर रंग मारायचा?" मग रंगाचा विषय संपला.

पण तोवर आमच्या हातून एक चूक होऊन गेली होती. मशीनच्या वरच्या दांड्याला एक कळकट चिंधी बांधलेली होती. पहिल्याच दिवशी आम्ही ती कात्रीने कापून कचऱ्यात टाकली. नंतर आक्काच्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सुया टोचायची चिंधी आहे ना अजून? आईच्या लुगड्याची आहे ती."

आम्ही गप्प झालो. कचरा अजून गोणीतच होता म्हणून चिंधी सापडली. धुवायचं धाडस झालं नाही. नुसती झटकली, कापलेली टोकं बारीक टाक्यांनी जोडली आणि पुन्हा जागेवर बांधली. सुनेची परवानगी आम्ही घेतली होती, पण मशीनची आठवण ज्यांच्याकडे होती त्यांना विचारलं नव्हतं. आधी फोन केला असता तर हे झालं नसतं.

पंचमीला सकाळी सुनेने आक्काला वारुळाला पूजेला नेलं. तेवढ्यात आम्ही मशीन जागेवर बसवलं. धाकटी बहीणही आली होती. परत आल्यावर आक्काने लुगडं बाजूला केलं, झाकण उचललं. चकाकलेल्या चाकाकडे तिचं लक्षही गेलं नाही. हात थेट चिंधीवर गेला. चाचपून म्हणाली, "ही गाठ आईची नाही."

आम्ही खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मग आपल्या मंगळसूत्रात अडकवलेली पिन काढून तिने त्या चिंधीत टोचली आणि म्हणाली, "बांधली ना पुन्हा. तेल कुठलं घातलंत ते सांगा, आता मलाच घालायचंय." मग दोघी बहिणींनी आळीपाळीने पायडल मारलं. त्या आवाजात आपण झोपायचो, असं धाकटी म्हणाली.

गांधीजी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध बोलत, पण १९२४ साली त्यांनी शिलाई मशीनचा अपवाद केला होता. सिंगरने आपल्या बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले होते. दुरुस्त करतानाही तेच लागतं.

तर मैत्रिणींनो, कुणासाठी असं काम गुपचूप करणार असाल तर एवढं करा. त्या वस्तूची आठवण असणारं घरचं एक माणूस आधी गाठा. कुठला डाग राहू द्यायचा, कुठली चिंधी ठेवायची, हे त्याला विचारा. फोटो काढा. काही फेकू नका, सगळं पिशवीत जपून ठेवा. चालण्यासाठी जे लागतं तेवढंच बदला आणि काढलेला जुना भागही परत द्या. हातून चूक झाली तर ती लपवू नका.

आक्का आता त्या मशीनवर गटातल्या पोरींना शिवण शिकवते. पहिल्या दिवशी ती शिवायला बसवत नाही. ब्रश हातात देते आणि दात्यातला भुगा काढायला लावते.