दुखणे देहाचे, ओझे मनाचे

१९९५ सालच्या जानेवारी महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटीशी नोंद प्रसिद्ध झाली. बांधकामावर काम करणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या एका कामगाराने खाली उडी मारली आणि त्याचा पाय नेमका १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर पडला. खिळा बुटात खोल घुसला होता. इस्पितळात आणल्यावर त्या खिळ्याला किंचित धक्का लागला तरी त्याला असह्य कळा येत. अखेर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक आणि सोबत गुंगीचे औषध देऊन खिळा खालच्या बाजूने ओढून काढण्यात आला. बूट उतरवून पाहतात तो काय, खिळा पायाच्या दोन बोटांमधील मोकळ्या जागेतून गेला होता. पायाला जखमच नव्हती.

हा कामगार ढोंग करीत नव्हता. त्याच्या कळा खऱ्या होत्या. डोळ्यांनी खिळा पाहिला, मेंदूने धोका ओळखला आणि शरीराने त्या धोक्याला साजेशी वेदना निर्माण केली. याच्या नेमके उलट दृश्य दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी इटलीच्या आघाडीवर पाहिले होते. गंभीर जखमा झालेल्या सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले असता बहुतेकांनी नको म्हणून सांगितले. तेवढ्याच किंवा त्याहून लहान जखमा असलेले सामान्य नागरिक मात्र औषधासाठी व्याकूळ होत. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. नागरिकाच्या लेखी तीच जखम म्हणजे संसारावर कोसळलेले संकट.

जखमेचा आकार आणि वेदनेचे माप यांचा हिशेब जुळत नाही, हे या दोन टोकांवरून दिसते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यामागील यंत्रणेची एक उपपत्ती मांडली. शरीरातून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील एका ‘दारा’तून जातात, हे दार किती उघडायचे आणि किती मिटायचे, यावर वरून मेंदूचाही अंमल चालतो. भीती, काळजी, जागरण आणि एकटेपणा यांनी ते दार सताड उघडते; मन रमले, धीर आला की ते काहीसे मिटते. या कल्पनेत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु तिचा गाभा टिकून आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव मानला आहे.

मराठी भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक असावे. वाईट बातमी आली की पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घसा कोरडा पडतो, हातपाय गळतात. हे केवळ अलंकार नव्हेत. शब्दशः तसे घडते. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि ॲलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण नोकर जखमी झाला. तो वाचला, पण त्याच्या जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. त्यातून विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनी कित्येक वर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ मध्ये ग्रंथ लिहिला. हा माणूस रागावला किंवा घाबरला की जठराच्या आतील अस्तराचे रूप पालटते आणि पचन बिघडते, हे त्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. संतापाचा पोटावरील परिणाम इतक्या उघडपणे क्वचितच कोणाला पाहता आला असेल. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि मेंदूशी त्याची अखंड देवाणघेवाण चालते, हे आता सर्वमान्य आहे. वारंवार पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ आणि तपासण्या मात्र निर्दोष, अशा त्रासाच्या मुळाशी पुष्कळदा हीच देवाणघेवाण बिघडलेली असते.

मानेचे आणि डोक्याचे गणित अधिक सरळ आहे. धोका जाणवताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाची गती वाढते, स्नायू ताठ होतात. वाघ समोर असेल तर ही तयारी दोन-पाच मिनिटांत कामी येते आणि संपते. थकलेली उधारी, बँकेचा हप्ता, भागीदाराशी आलेला दुरावा यांपासून मात्र पळता येत नाही आणि त्यांच्याशी हातघाईची लढाईही करता येत नाही. मग गादीवर बसलेल्या माणसाचे खांदे दिवसभर कानांकडे उचललेले राहतात, जबडा आवळलेला राहतो, झोपेतही दात करकर वाजतात. संध्याकाळी डोक्याभोवती घट्ट फडके बांधल्यासारखे वाटते. तणावाची डोकेदुखी म्हणतात ती बहुधा हीच. काळजीत असलेला माणूस नकळत उथळ आणि भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. त्या मुंग्यांची आणखी भीती वाटते आणि श्वास आणखी भराभर होतो.

पाठदुखीच्या बाबतीत अमेरिकेतील बोईंग या विमाने बनविणाऱ्या कंपनीत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. सुमारे तीन हजार कामगारांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले गेले. कोणाची पाठ धरेल, हे उचललेल्या वजनावरून फारसे सांगता येत नव्हते. ज्यांना आपल्या कामात जवळजवळ कधीच आनंद वाटत नव्हता, त्यांच्यात पाठीच्या तक्रारीची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट होती. पोती उचलणाऱ्या हमालापेक्षा कधी कधी गल्ल्यावर बसलेल्या मालकाचीच पाठ जास्त का दुखते, याचा उलगडा कदाचित येथे होईल.

व्यापारी घरांत ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते, त्याचे कारण पत. पेढीची सारी उलाढाल शब्दावर आणि विश्वासावर चालते. ‘शेठजींची पाठ धरली आहे’ हे वाक्य बाजारात निर्धास्तपणे उच्चारता येते. ‘शेठजींना रात्ररात्र झोप लागत नाही, भीती वाटते’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातल्या प्रत्येक गाळ्यावर पोहोचते आणि तिसऱ्या दिवशी माल देणारा रोखीची भाषा बोलू लागतो. घरात लग्नाची मुलेमुली असली तर आणखी एक कुलूप लागते. शरीराच्या दुखण्याला प्रतिष्ठा आहे, मनाच्या दुखण्याला नाही. म्हणून मन आपली तक्रार शरीराच्या तोंडून मांडते. हे कोणी ठरवून करीत नाही. कित्येकांना तर आपण काळजीत आहोत याचाच पत्ता नसतो. त्यांना फक्त आपली मान दुखते एवढेच कळते.

एकत्र कुटुंबातील मोठ्या सुनेची डोकेदुखीही अशीच अनेकदा बिनबोलीची भाषा असते. दुखते आहे म्हटल्यावर तासभर दार लोटून पडून राहण्याची मुभा मिळते. मला हे सारे झेपत नाही, असे म्हटल्यावर ती मिळेलच असे नाही. आणि मुले तर याबाबतीत सर्वांत प्रांजळ. शाळेच्या दिवशी सकाळी बेंबीभोवती दुखणारे पोट रविवारी दुखत नाही, म्हणून मूल खोटे बोलते असा निवाडा घरोघर होतो. वास्तविक त्या मुलाचे पोट खरोखरच दुखत असते. शाळेत काय चालले आहे, कोण चिडवते, घरातल्या कोणत्या भांडणाचे शब्द त्याच्या कानी पडले, हे सावकाश विचारले पाहिजे.

असे असले तरी, सगळे दुखणे मनाचे, असे म्हणून मोकळे होण्यात मोठा धोका आहे. जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा काळजी करणाऱ्यांचा रोग म्हणून अनेक दशके ओळखला जात होता. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे दाखवले, तेव्हा फारसे कोणी विश्वास ठेवीना. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत ‘फार विचार करू नका’ एवढाच सल्ला घेऊन परतलेल्या किती रुग्णांना साध्या प्रतिजैविकांनी बरे करता आले असते, याची मोजदाद कोण करणार!

म्हणून आधी तपासणी, मग मनाचा विचार. किंवा त्याहून बरे म्हणजे दोन्ही एकाच वेळी. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाटणे, ते दुखणे डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर ‘गॅसेस असतील, दुकान बंद करून रात्री बघू’ हे वाक्य जिवावर बेतू शकते. अचानक उठलेली, आयुष्यात कधी नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कारणाशिवाय घटणारे वजन, शौचातून रक्त, ताप, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, या खुणा ताणाच्या खात्यावर कधीच मांडू नयेत. शिवाय ताणाने हृदयाला खरीखुरी इजाही होते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेल्या एका विकारात तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्यावरूनच विकाराचे नाव ‘ताकोत्सुबो’ पडले. उतारवयातील स्त्रियांत तो अधिक आढळतो. बाहेरून तो हृदयविकाराच्या झटक्यापेक्षा वेगळा ओळखता येत नाही.

दुसरा धोका औषधांच्या दुकानात आहे. गल्ल्याच्या खणात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी ठेवणारे व्यापारी थोडे नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. माणूस दुखते म्हणून गोळी घेतो आणि गोळी घेतो म्हणून दुखते. या चक्रवाढीत मूत्रपिंड आणि जठर यांचे भांडवल खर्ची पडते ते निराळेच.

उपाय काय, असे विचारले तर पहिला उपाय व्यापाऱ्याच्या हाताखालचाच आहे. रोजमेळ लिहिणाऱ्याला वेदनेचा रोजमेळ लिहिणे अवघड नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता दुखले, आदल्या रात्री झोप किती झाली, खाल्ले काय, त्या दिवशी कोणाशी काय बोलणे झाले. सहा-आठ आठवड्यांनी ती पाने उलटली की एखाद्याला दिसते, डोके नेमके जीएसटीच्या विवरणपत्राच्या २० तारखेच्या अलीकडे धरते. दुसऱ्याला दिसते, पाठ फक्त धाकट्या भावाशी हिशेबाला बसायच्या दिवशी दुखते. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांचे निम्मे काम हलके होते, आणि एकामागून एक स्कॅन काढण्याचा खर्चही पुष्कळदा वाचतो.

अशा दीर्घकालीन डोकेदुखीत किंवा पोटाच्या त्रासात डॉक्टर कधी ॲमिट्रिप्टिलिनसारखे औषध अल्प मात्रेत देतात. घरातील कोणीतरी मोबाइलवर त्याचे नाव शोधते, ‘नैराश्यावरील औषध’ असे वाचते आणि ‘मला काय वेड लागले आहे?’ म्हणून ती पट्टी कचऱ्यात जाते. वस्तुतः ते वेदनेचे संदेश मंद करण्यासाठी दिलेले असते, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावे. औषधासोबत रोजचे चालणे, ठरलेल्या वेळची झोप आणि समुपदेशकाशी बोलणे यांचाही चांगला उपयोग होतो. शरीरातील एकेक स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याची पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली; ती आजही शिकवली जाते. शरीर निश्चल आणि शिथिल ठेवण्याची गोष्ट जैन घरांतील ज्येष्ठांना कायोत्सर्गामुळे नवी नाही. मात्र कायोत्सर्गाचा हेतू वेगळा आणि मोठा आहे. त्याला डोकेदुखीच्या बाटलीत भरू नये. स्नायू त्याने सैल होतात, हा वरचा लाभ.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत अनिष्टाचा संयोग आणि इष्टाचा वियोग यांच्या बरोबरीने वेदनेचे सतत चिंतन हाही एक प्रकार आहे. दुखण्यावर खिळलेले मन दुखणे वाढवते, हे आजचे वेदनातज्ज्ञही सांगतात. परंतु हा दाखला दुखणाऱ्याला देऊन ‘तूच विचार करतेस म्हणून दुखते’ असे बजावणे म्हणजे त्या बुटातल्या खिळ्याला आणखी एक धक्का देणे होय.

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढताना कोणी पाहील, अशी भीती ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. दुकान बंद झाल्यावर, शटर अर्धे ओढून, गल्ल्याशेजारी बसूनही तो फोन करता येतो.