वाट माणसाची, वाट वाघाची



ओसाकात उमेदाहून हानक्यूची ट्रेन पकडायची, इशिबाशीला बदलायची, की अर्ध्या तासात मिनो. ३३ मीटरचा धबधबा, मेपलच्या पानांची गोड भजी आणि नशीब असेल तर माकडं. इथूनच एक पायवाट थेट टोकियोतल्या ताकाओ डोंगरापर्यंत जाते, हे मला फार उशिरा कळलं! तोकाई नेचर ट्रेल: १९७४ साली पूर्ण झाली, ११ प्रांत, सुमारे १७०० किलोमीटर. मी जेमतेम वीस चाललोय.

परवा त्याच वाटेवर बाबांचा फोन आला. आमचं शेत पांढरकवडा तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. रानडुकरं कपाशी ठेवत नाहीत, म्हणून कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडू का, असं विचारत होते. "शेजारचे सोडतातच की!"

मला 'वॉकर' आठवला. टिपेश्वरचा हा तरुण वाघ २०१९ साली नवं घर शोधायला निघाला, तो महाराष्ट्र-तेलंगणातून भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. रेडिओ कॉलरच्या नोंदीप्रमाणे चाल सुमारे ३००० किलोमीटर. म्हणजे आमच्या या ट्रेलच्या पावणेदोन पट, आणि तीही पाट्यांशिवाय! बरीचशी वाट शेतांतून. एका तारेत करंट असता तर तिथेच संपला असता. विदर्भात असे वाघ मेलेत, माणसंही मेलीत.

आपण नकाशावर कॉरिडॉर म्हणून हिरवी पट्टी काढतो. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी कपाशीतून जाते. पेंचजवळ नागपूर-जबलपूर हायवेखाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा केल्या, वाघ त्या वापरतात, कॅमेऱ्यात दिसलेत. पण शेताखालून बोगदा कसा काढणार? आणि बाबांची भीती खोटी नाही. २०१८ साली अवनी वाघिणीला मारलं, ते आमच्याच भागात. लाइट रात्री येते, म्हणून रात्री ओलिताला जावं लागतं.

इथेही डुकरं, हरणं आहेत. डोंगराकडेच्या शेतांना कुंपण असतं, पण ट्रेल आडवी आली की तिथे फाटक. उघडा, जा, लावून घ्या.

बाबांना म्हटलं, लाइनची तार नको. सोलरचं झटका मशीन घ्या, त्याने जनावर दचकतं, मरत नाही. पैसे मी पाठवतो. आणि नाल्याकडची बाजू मोकळी ठेवा.

बाबा म्हणाले, "बरं. पण रात्रीच्या लाइटचं काय?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांची शेतं जंगलालगत आहेत? या वीकेंडला घरी फोन कराल, तेव्हा कुंपणाचं नक्की विचारा.

आपला,
एक ओसाकाकर