घरी शिकणाऱ्या हुशार मुलाचे व्याकरण : पुस्तक कसे निवडावे?

आपल्या वस्त्यांमधून आज अशी मुले दिसू लागली आहेत, जी सहाव्या-सातव्या वर्षीच वर्तमानपत्र घडाघडा वाचतात, मोठ्यांची पुस्तके हाताळतात आणि प्रश्न विचारून आईवडिलांना भंडावून सोडतात. काही थोडी कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. बहुसंख्य मुले शाळेत जातात, पण त्यांचा खरा अभ्यास संध्याकाळी घरी किंवा संस्थेच्या अभ्यासिकेत होतो. दोन्हीकडे पालकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मुलाला वाचता येते, लिहिता येते, मग व्याकरण कोणते आणि कोणत्या पुस्तकावरून शिकवावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

व्याकरण हा आपल्या समाजाच्या दृष्टीने साधा विषय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले व त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. त्यांची इंग्रजीची पायाभरणी मात्र घरीच झाली होती. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. भाषांतर म्हणजे दोन भाषांचे व्याकरण एकाच वेळी वापरून पाहणे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा मार्ग किती वेगळा आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

वाचनाचे वय आणि व्याकरणाचे वय

हुशार मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. मूल पाचवीचे पुस्तक वाचते म्हणून त्याला पाचवीचे व्याकरण द्यावे, असे वाटते. कित्येक पालक तर एकदम स्पर्धा परीक्षेचे पुस्तक आणतात. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' हे परीक्षार्थींना अतिशय उपयोगी पुस्तक आहे, यात शंका नाही. परंतु ते आठ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले नाही. वाचन हे अर्थाच्या ओढीने पुढे जाते. व्याकरणात अर्थ क्षणभर बाजूला ठेवून शब्द काय काम करतो ते पाहावे लागते. ही नजर वेगळी आहे व ती हळूहळू येते. म्हणून मूल काय वाचू शकते यावरून पुस्तक निवडू नये. ते वाक्याचे तुकडे पाडून त्याविषयी काय बोलू शकते, यावरून निवडावे.

एक सोपी चाचणी सांगतो. मुलापुढे तीन वाक्ये ठेवा : "वर बघ." "पुस्तक टेबलावर आहे." "वर मंडपात आला." आणि विचारा, या तिन्ही ठिकाणी 'वर' एकच काम करतो का? पहिल्यात तो क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात नामाला जोडून आलेला शब्दयोगी, तिसऱ्यात नाम. मुलाला ही नावे ठाऊक नसली तरी चालेल. तीन कामे वेगळी आहेत असे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर त्याची तयारी झाली असे समजावे. नाही सांगितले तर सहा महिने थांबावे. त्यात काही बिघडत नाही.

मुलाला आधीच काय येते?

मराठी बोलणाऱ्या मुलाला व्याकरण आधीच येत असते. त्याला फक्त ते दाखवून द्यावयाचे असते. "मुलाने आंबा खाल्ला," "मुलाने पोळी खाल्ली," "मुलाने पेढे खाल्ले" ही वाक्ये त्याला म्हणावयास लावा. आता 'मुलाने'च्या जागी 'मुलीने' घाला. क्रियापद बदलते का? बदलत नाही. मग ते कोणाच्या तालावर बदलते? आंबा, पोळी, पेढे यांच्या. हा शोध मुलाला स्वतःला लागला की त्याचे डोळे चमकतात. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात, हे नाव नंतर सांगितले तरी चालते. इंग्रजीत याच ठिकाणी 'एट' हे एकच रूप राहते, हेही तेव्हाच दाखवावे.

घरच्या बोलीचा प्रश्न इथेच येतो. विदर्भातील मूल "मले पाणी पायजे" म्हणते. पुस्तकात "मला पाणी पाहिजे" असते. 'मले' आणि 'मला' या दोन्हींत विभक्तीचे काम एकच आहे, प्रत्यय तेवढा वेगळा. म्हणजे बोलीलाही नियम आहेत. हे न सांगता "तुझे बोलणे अशुद्ध" असे म्हटले की मूल गप्प होते, आणि गप्प झालेले मूल व्याकरण शिकत नाही. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. अर्ज, परीक्षा, नोकरी यांसाठी ती लागते. पण ती आईच्या भाषेला हिणवून शिकवू नये. जे पुस्तक घरच्या बोलीची टिंगल करते, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

पुस्तकांच्या दोन पद्धती

मराठी व्याकरणाची परंपरा मोठी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. हे ग्रंथ पालकांनी व पदवीच्या विद्यार्थ्यांनी पाहावेत. लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. मुलांच्या पुस्तकांत साधारण दोन पद्धती आढळतात. पहिली शब्दापासून निघते : नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठ जाती, प्रत्येकीची व्याख्या, मग उदाहरणे. दुसरी वाक्यापासून निघते. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध इंग्रजी व्याकरणाचा आरंभ वाक्यापासून होतो. उद्देश्य व विधेय आधी आणि शब्दांच्या जाती नंतर.

अमेरिकेत घरी शिकविण्याची प्रथा मोठी आहे व तेथील सर्व ५० राज्यांत ती कायदेशीर आहे. तेथेही पालकांपुढे हीच निवड असते. जेसी वाइज यांची 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स' ही पुस्तके छोटे तोंडी पाठ, पाठांतर आणि उजळणी यांवर भर देतात. मायकेल क्ले थॉम्प्सन यांचे 'ग्रामर आयलंड' हुशार मुलांसमोर आधी सगळा नकाशा मांडते. मग एकेका वाक्याचे चार थरांत पृथक्करण करते : शब्दांच्या जाती, वाक्याचे घटक, शब्दसमूह आणि उपवाक्ये. चटकन समजणाऱ्या मुलाला तीच तीच उजळणी कंटाळवाणी होते, म्हणून दुसरा मार्ग त्याला अधिक मानवतो. ज्या मुलाला नियमाची पक्की सवय हवी, त्याला पहिला.

यासाठी परदेशी पुस्तके मागविण्याची मात्र गरज नाही. आपल्याकडील वाक्यपृथक्करण हेच काम करते. "माझ्या धाकट्या भावाने काल बाजारातून ताजी भाजी आणली." आणले कोणी? भावाने. कोणत्या? माझ्या धाकट्या. काय आणले? भाजी. कशी? ताजी. केव्हा, कोठून? काल, बाजारातून. वहीत रकाने आखून रोज एक वाक्य असे मांडले, तर वर्षभरात तीनशेहून अधिक वाक्ये होतात. एवढे काम कोणत्याही महागड्या पुस्तकाने होणार नाही.

निवडताना काय पाहावे?

१. पुस्तक पातळ असावे. वर्षभरात पुरे होईल असे एकच घ्यावे. चार घेऊन चारही अर्धवट ठेवू नयेत.

२. उत्तरे मागे दिलेली असावीत. अनेक घरांत आईवडिलांना स्वतः व्याकरण शिकावयास मिळालेले नाही. त्यांनी मुलासोबत शिकावे, त्यात कमीपणा नाही.

३. "व्याख्या लिहा" यापेक्षा "स्वतःचे वाक्य तयार करा" असे प्रश्न अधिक असावेत.

४. पुढे उडी घेण्याची सोय असावी. धड्याखालील प्रश्न आधी सोडवून घ्यावेत. दहापैकी आठ बरोबर आले व मुलाने कारणही सांगितले, तर तो धडा सोडून द्यावा.

५. शुद्धलेखन आणि व्याकरण यांची सरमिसळ नसावी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा व १९७२ चे चार असे अठरा नियम स्वतंत्रपणे, दहाव्या वर्षानंतर घ्यावेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणजे मुलाला व्याकरण येत नाही, असे नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. आठव्या वर्षापर्यंत केवळ तोंडी खेळ पुरेत. पुढील दोन वर्षे बालभारतीतील भाषाभ्यास व वाक्यपृथक्करणाची वही. दहाव्यानंतर एक नेमके व्याकरण आणि रोज पाच ओळींचे भाषांतर. इंग्रजीसाठी रेमंड मर्फी यांची पुस्तके सोयीची आहेत. डाव्या पानावर माहिती, उजव्या पानावर प्रश्न. ज्यांना पाली शिकवावयाची आहे त्यांना हाच पाया उपयोगी पडेल. 'बुद्धं' आणि 'बुद्धस्स' यांतील फरक विभक्तीचा आहे, हे मराठी विभक्ती समजलेल्या मुलाला एका बैठकीत कळते. बाबासाहेबांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व शब्दकोश त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाले आहेत.

शाळेबाहेर शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेली, आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची दहावीची परीक्षा देता येते. म्हणजे घाई करण्याचे कारण नाही.

शेवटी, व्याकरण कशासाठी? बँकेच्या काउंटरवर असे अर्ज नेहमी येतात : "माझ्या खात्यातून दोन हजार रुपये काढले, ते परत मिळावेत." काढले कोणी? खातेदाराने, बँकेने की तिसऱ्याच माणसाने? वाक्यात कर्ताच नाही. तो सापडेपर्यंत त्या गरीब माणसाला दोन-तीन हेलपाटे घालावे लागतात. ज्याला आपल्या वाक्यातला कर्ता नेमका ठेवता येतो, त्याची तक्रार ऐकली जाते. आपल्या हुशार मुलांना ही ताकद द्यावयाची आहे. पुस्तक निवडताना मुलाचे पुढचे गुण पाहण्याआधी, ते उद्या कोणासाठी अर्ज लिहिणार आहे, हे पालकांनी डोळ्यांसमोर ठेवावे.