आवाज गेला कुठे?

२००६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीच्या वेळी बांधीत बायांसोबत म्हटलेली गाणी माझ्या अम्मीला पाठ होती. ती मी एका कॅसेटवर टिपून ठेवली होती. अम्मी गेल्यावर मुलाने ती संगणकात उतरवली. पुढे कॅसेटची फीत तुटली. अम्मीचा आवाज राहिला तो फक्त संगणकात.

आणि एका सकाळी संगणक मुका झाला!

दुरुस्ती करणारा आला. म्हणाला, ''चाचा, साऊंड कार्ड गेलं. फॉरमॅट मारून पाहू.'' फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणे, एवढे मला ठाऊक होते. मी त्याला हात जोडले. संध्याकाळी शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी आली, मागे वाकली आणि हसली. ''चाचा, पिन गुलाबी भोकात आहे!'' धूळ झाडताना निघालेली पिन मीच तिथे खोचली होती.

मंडळी, त्या दिवशी एक गोष्ट समजली. गाणे असते हार्ड डिस्कवर, आकड्यांच्या रूपात. साऊंड कार्ड त्या आकड्यांची वीजलहर करते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला एका बाजूचे ४४,१०० आकडे असतात. ती लहर तारेतून स्पीकरमध्ये जाते आणि पडदा हलवते. म्हणजे स्पीकर गप्प झाला, तरी गाणे जागेवरच असते. वाट अडली आहे, एवढेच. तेव्हा वाट बाहेरून आत तपासत जावे.

आधी स्पीकरचा दिवा आणि आवाजाचे बटण पाहा. मग स्पीकरची पिन काढून मोबाईलच्या किंवा रेडिओच्या हेडफोनच्या भोकात लावा. तिथे वाजला, तर स्पीकर आणि तार निर्दोष. नाही वाजला, तर संगणकाला बोल लावू नका.

आता संगणकाची मागची बाजू. हिरवे भोक स्पीकरचे, गुलाबी माईकचे, निळे टेपसारख्या बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेण्याचे. 'पीसी ९९' या मार्गदर्शिकेने हे रंग रूढ केले. वेगळे कार्ड बसवले असेल तर हिरवी भोके दोन दिसतात. पिन कार्डाच्या भोकात हवी. एकाच बाजूने आवाज येत असेल तर पिन पूर्ण आत दाबा. पावसाळ्यात पितळ काळवंडते, तशी पिनही कळकटते. कोरड्या कापडाने पुसा. घुर्रर्र आवाज येत असेल, तर संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर जोडून पाहा.

मग पडद्यावरचे स्पीकरचे चित्र पाहा. त्यावर फुली असेल तर आवाज बंद आहे. टीव्ही एचडीएमआय तारेने जोडला असेल, तर कधीकधी आवाज तिकडे वळतो. ध्वनीच्या यादीतून आपला स्पीकर निवडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसले, तर ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम पुन्हा टाकावा लागतो. एवढे करूनही शांतताच असेल, तर कार्डावर संशय घ्या.

फॉरमॅटची वेळ आलीच, तर आधी आपल्या माणसांचे आवाज दुसरीकडे उतरवून ठेवा. कार्ड बाजारात मिळते. अम्मीचा आवाज मिळत नाही.