ईशापूरची रायफल, व्हरमाँटचा ठसा

पोलीस ठाण्याच्या दारात पहाऱ्याला उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात थ्री नॉट थ्री आपण वर्षानुवर्षं पाहिली. तीच रायफल, कोलकात्याजवळ हुगळीकाठी ईशापूरच्या कारखान्यात घडलेली, आज अमेरिकेतल्या संग्राहकांच्या घरी सापडते. तिथले जाणकार भिंग घेऊन तिच्या अंगावरचे ठसे वाचत बसतात. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदींसारखे हे ठसे एकावर एक चढत गेलेले असतात आणि प्रत्येक नोंद वेगळ्या मालकाची असते.

वाचायला सुरुवात होते बोल्टच्या दांडीखालच्या पट्टीवरून, जिथे लाकडी दस्ता लोखंडाला मिळतो. ब्रिटिश अमदानीतली असेल तर वर मुकुट, खाली जी. आर. आय. ही बादशहाची अक्षरं, मग ईशापूर, साल आणि नमुना. नमुन्यातल्या तीन आकड्यापुढे फुली दिसली, तर पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगानं व्हावं म्हणून काही भाग गाळून सोपी केलेली ही रायफल, हे कळतं. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह येतात आणि कारखान्याचं नाव ‘आर. एफ. आय.’ एवढंच उरतं. शेंड्यांना शेंडे भिडवलेले दोन बाण दिसले, तर ब्रिटिश लष्करानं ती सेवेतून काढून विकली. ‘डी. पी.’ असेल तर ती फक्त कवायतीची. तिच्यात जिवंत काडतूस घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

लाकूडही बोलतं. मॅगझिनच्या पुढे आडवा घातलेला स्क्रू ही खास हिंदुस्थानी दुरुस्ती, दस्ता चिरू नये म्हणून केलेली. पुढच्या भागाला तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती रायफल हातगोळे फेकण्यासाठी मजबूत केलेली.

सर्वांत जास्त गैरसमज 2ए आणि 2ए1 या रायफलींबद्दल आहे. जुन्या थ्री नॉट थ्रीला नवी नळी बसवून त्या 7.62 मि.मी.च्या केल्या, असं अनेक जण अजूनही ठामपणे सांगतात. पट्टीवरचा ठसा नीट वाचला तर हा वाद मिटतो. 1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं या रायफली नव्यानेच घडवल्या, 7.62 चा जादा दाब सोसेल असं अधिक चांगलं पोलाद वापरून. त्यांच्यावर 7.62 मि.मी. हा आकार आणि घडवल्याचं साल मुळातच कोरलेलं असतं. 2ए ची नेमपट्टी 2,000 मीटरपर्यंतची होती, 2ए1 ची 800 वर आणली. ज्यांनी ही रायफल नव्यानं घडवली, त्या कारागिरांच्या कामाला ‘डागडुजी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

यानंतरचा ठसा बहुतेक संग्राहकांना नकोसा असतो. नळीवर बारीक अक्षरांत आयात करणाऱ्याचं नाव-गाव: सी. ए. आय., सेंट ऑल्बन्स, व्हरमाँट. हा ठसा नसलेल्या रायफलीला जास्त भाव मिळतो. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्यामागे एक मोठी घटना आहे.

22 नोव्हेंबर 1963 ला डलासमध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर सापडलेली रायफल पहिल्या नजरेत जर्मन माऊझर वाटली आणि बातमीही तशीच पसरली. ठसे वाचल्यावर खरं कळलं. ‘मेड इटली’, ‘कॅल. 6.5’, टेर्नीच्या कारखान्याचं नाव, 1940 साल आणि क्रमांक सी2766. ही इटालियन लष्कराची मोडीत निघालेली कारकानो होती. क्रमांक धरून तपास न्यूयॉर्कच्या आयातदाराकडे, तिथून शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडे गेला. तिथल्या नोंदी रात्रभर चाळल्यावर टपालानं आलेली मागणी सापडली: नाव ए. हिडेल, दुर्बिणीसह किंमत 19.95 डॉलर. हस्ताक्षर ली हार्वे ऑस्वाल्डचं होतं. लष्करी रायफल टपालानं घरपोच मिळते, याचा देशाला धक्का बसला. 1968 च्या कायद्यानं अशा जुन्या लष्करी शस्त्रांची आयात बंद केली. 1984 मध्ये संग्राह्य शस्त्रांपुरतं दार पुन्हा उघडलं आणि त्या वाटेनं आलेल्या रायफलींवर आयातदाराचा ठसा सर्रास दिसू लागला.

महाराष्ट्राचा धागा काडतुसांच्या बुडाशी सापडतो. ‘के. एफ.’ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 पासूनचा. ‘ओ. एफ. व्ही.’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. बंगालची रायफल आणि महाराष्ट्रातली काडतुसं अशी ही जोडी, आणि तिच्यावर बारकाईनं लिहिलं गेलं ते मात्र बहुतांश परदेशात.

26 जानेवारी 2020 च्या संचलनात उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. इतर राज्यांतही या रायफली शस्त्रागारांतून बाहेर पडत आहेत. त्या निकालात काढण्याआधी निदान पट्टीवरचा ठसा, साल, क्रमांक आणि दस्त्यावरच्या खुणा यांची छायाचित्रं काढून ठेवावीत. शस्त्रागाराच्या नोंदवहीत क्रमांक तेवढा मिळेल. मुकुट होता की सिंह, आणि तांब्याची तार कुणी का गुंडाळली, हे तिथे लिहिलेलं नसतं.